रोजगार हमीचा हप्ता : नगर जिल्ह्याच्या निमित्ताने एक प्रतिवाद

रोजगार हमी योजनेवर गेली पन्नास वर्षे जे आक्षेप घेतले जात आहेत, त्यांच्या पुष्ट्यर्थ अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगर, जिल्ह्याचा दाखला वारंवार दिला जातो. पारनेर तालुक्यातले राळेगण सिद्धी आणि नगर तालुक्यातले हिवरे बाजार ही दोन गावे याच जिल्ह्यातली. त्यांच्याकडे बोट दाखवून असे सांगितले जाते, की गावाने मनावर घेतले, दारू सोडली, कुऱ्हाड बाजूला ठेवली, श्रमदान केले आणि खंबीर नेता लाभला, तर सरकारी तिजोरीला हात न लावता दुष्काळ हटतो, मग मागेल त्याला काम देण्याचे बंधन राज्याने स्वतःवर का घालून घ्यावे? या युक्तिवादाच्या जोडीला आणखी दोन विधाने येतात. रोजगार हमी म्हणजे खड्डे खणायचे आणि बुजवायचे, आणि त्यापोटी शहरी करदात्याच्या पैशाची खैरात करायची, हे एक. आणि ज्या खर्चाला वरची मर्यादा नाही तो कोणत्याही शहाण्या अर्थसंकल्पात बसत नाही, हे दुसरे. मूळ युक्तिवादात इतिहास अर्धाच सांगितलेला आहे, पहिल्या विधानात योजनेचे स्वरूपच ओळखलेले नाही, आणि दुसऱ्या विधानात जो दोष म्हणून दाखवला जातो, तोच या योजनेचा प्राण आहे.

स्वरूपापासून सुरुवात करणे योग्य ठरेल. जे संकट येणार हे निश्चित असते, पण केव्हा आणि कोणावर येणार हे सांगता येत नाही, त्यासाठी समाजाने आधीपासून वर्गणी जमवून ठेवायची आणि संकट कोसळेल त्याला ती हक्काने द्यायची, या व्यवस्थेला सामाजिक विमा म्हणतात. कारखान्यातल्या कामगाराला १९४८ च्या कायद्याने राज्य कर्मचारी विमा मिळाला, कारण त्याचा मालक एक होता, पगारपत्रक होते आणि त्यातून हप्ता कापता येत होता. कोरडवाहू शेतातल्या मजुराला यातले काहीच नसते. त्याचे मालक हंगामागणिक बदलतात, आणि दुष्काळ एका घरावर न येता सबंध तालुक्यावर एकाच वेळी येतो, त्यामुळे ज्याला हप्ता परवडेल अशा दरात हा धोका पत्करणारी विमा कंपनी उभी राहू शकत नाही. हा धोका फक्त राज्य पेलू शकते, कारण एका तालुक्यातला पाऊस हुकला तरी मुंबई, पुणे, ठाणे येथील पगार आणि व्यापार चालू असतात. भरपाई रोख न देता कामाच्या रूपाने देण्यातही हिशेब आहे. उन्हात माती उकरून किमान मजुरी घेण्यास ज्याला खरोखर गरज आहे तोच येतो, म्हणून गरजूंची यादी करण्याचा आणि त्या यादीत वशिल्याची नावे घुसण्याचा प्रश्न पुष्कळसा टळतो. अर्थशास्त्रात याला स्वनिवड म्हणतात. ज्या योजनेत लाभार्थी दिवसभर राबून लाभ मिळवतो, तिला खैरात म्हणणे हा त्या श्रमांचा अवमान आहे.

विमा ही उपमा नंतर चिकटवलेली नाही. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमधील जिल्हे होरपळले, तेव्हा सर रिचर्ड टेंपल यांच्या सूचनेवरून दुष्काळी कामांवरील मजुरी इतकी खाली आणली गेली, की दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे यांवर मजुराने जगावे अशी अपेक्षा केली गेली. हजारो मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. त्याच दुष्काळात हाती घेतलेल्या कामांमधून दौंड–मनमाड लोहमार्ग उभा राहिला आणि १८७८ मध्ये खुला झाला. नगर शहरातून जाणाऱ्या त्या मार्गावरून आजही गाड्या धावतात. दुष्काळी मजुरांचे श्रम मातीत जातात, असे म्हणणाऱ्याने त्या मार्गाचा इतिहास पाहावा. या दुष्काळानंतर लॉर्ड लिटन यांच्या सरकारने दुष्काळ विमा या नावानेच दरसाल दीड कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली आणि तिच्यासाठी व्यापारी व कारागिरांवर परवाना कर बसवला. त्या कराविरुद्ध १८७८ मध्ये सुरतेला दंगा झाला. पुढच्याच काळात अफगाण युद्धाचा खर्च वाढला आणि विम्यासाठी म्हणून वसूल केलेला पैसा सर्वसाधारण महसुलात मिसळून इतरत्र वळवला जात असल्याची तक्रार हिंदी राजकारणातल्या पहिल्या पिढीने सातत्याने केली. विशिष्ट कारणासाठी कर लावायचा, कारणाचे नाव घेऊन लोकांकडून तो घ्यायचा आणि नंतर ते कारण विसरायचे, ही तिजोरीची रीत तेव्हापासूनची आहे.

स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने ही चूक टाळण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला, हे मान्य करायला हवे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे जो प्रयोग केला, त्यातून रोजगार हमीची कल्पना आकाराला आली, आणि १९७२ मध्ये, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, ती राज्याची योजना झाली. त्याच वर्षी दुष्काळ पडला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरातील दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली. नगरच्या दक्षिणेकडील कर्जत, जामखेड, पाथर्डी, पारनेर, श्रीगोंदा या तालुक्यांतल्या वृद्धांच्या बोलण्यात तांबडी मिलो, सुकडी आणि खडी फोडण्याचे काम यांचा उल्लेख अजून येतो. दुष्काळ संपल्यावर ही व्यवस्था मोडीत न काढता राज्याने तिला कायद्याचे रूप दिले. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम १९७७ मध्ये संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागूनही ते पंधरा दिवसांत मिळाले नाही, तर बेकारी भत्ता देण्याचे बंधन त्यात होते. भत्त्याची रक्कम दिवसाला एक रुपया इतकी तुटपुंजी होती, तरी मजुराला राज्याविरुद्ध हक्क प्राप्त झाला, हे त्या कायद्याचे मोल.

या हक्कामागे पैसा उभा करण्याची जी पद्धत निवडली गेली, ती आक्षेपकांच्या लिखाणात क्वचितच आढळते. १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला, आणि रोजगार हमीसाठी जादा साधने उभारणे हा त्याचा जाहीर हेतू होता. त्याच्या जोडीला मोटार वाहनांवर व विक्रीकरावर वाढीव आकार, शहरांमधील अनिवासी इमारतींवर उपकर आणि बागायत जमिनीवर विशेष आकारणी आली; म्हणजे प्रवरा आणि गोदावरीच्या कालव्यांखाली ऊस पिकवणारा उत्तर नगरचा बागायतदार दक्षिण नगरच्या कोरडवाहू मजुरासाठी थोडा हप्ता भरू लागला. या करांचे जितके निव्वळ उत्पन्न होईल, तितकीच रक्कम राज्याने आपल्या सर्वसाधारण महसुलातून घालायची, आणि दोन्ही मिळून रोजगार हमी निधी उभा करायचा, असे ठरले.

हा हप्ता आजही कापला जातो. नगरच्या एखाद्या शाळेतील शिक्षकाचे, बँकेतील लिपिकाचे किंवा औद्योगिक वसाहतीतील कामगाराचे वेतनपत्रक उघडले, तर भविष्यनिर्वाह निधीच्या आसपास ‘पी.टी.’ अशी दोन अक्षरे आणि त्यांच्यापुढे २०० रुपये दिसतात. फेब्रुवारीत तेच ३०० होतात, म्हणजे वर्षाचे २,५०० पूर्ण होतात. संविधानाच्या अनुच्छेद २७६ ने या कराला घातलेली कमाल मर्यादा १९८८ मध्ये २५० वरून २,५०० रुपये झाली आणि तेव्हापासून ती तशीच आहे. भावमान आणि पगार किती पटींनी वाढले याचा विचार केला, तर शहरी करदात्यावरचा हा भार दर वर्षी हलकाच होत गेला आहे. ज्याच्या नावाने खैरातीची तक्रार केली जाते, त्या करदात्याचा या कामासाठीचा हप्ता दोन हजार पाचशे रुपयांवर थांबलेला आहे, आणि तो कशासाठी कापला जातो हे त्याला बहुधा कोणी सांगितलेलेही नाही.

आता आदर्श गावांकडे वळता येईल. हिवरे बाजारचे यश खरे आहे. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, ग्रामसभा नियमित भरू लागली, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी पाळली गेली, पुढे शेतीसाठी कूपनलिका घेण्यास मनाई झाली, आणि पावसाच्या मोजमापावरून कोणते पीक घ्यायचे हे ठरवणारा पाण्याचा ताळेबंद गावाने स्वीकारला. ही शिस्त कोणत्याही शासन निर्णयाने आणता आली नसती. पण डोंगरउतारावरचे सलग समतल चर, नाल्यांवरचे माती बांध आणि पाझर तलाव यांचे मोठे काम केवळ श्रमदानातून झाले, हे म्हणणे खरे नाही. १९९४ मध्ये गाव राज्य सरकारच्या आदर्श गाव योजनेत आले, यशवंत कृषी, ग्राम व पाणलोट विकास संस्थेमार्फत कामे चालली, आणि सुमारे हजार हेक्टरांवरील पाणलोटाच्या उपचारांसाठी रोजगार हमीच्या तरतुदीतून सुमारे ४२ लाख रुपये, म्हणजे हेक्टरी चार हजारांच्या आसपास, खर्च झाले. राळेगण सिद्धीतही १९७५ नंतर अण्णा हजारे यांनी ज्या कामाने गावाला एकत्र आणले, ते सरकारने आधी बांधलेल्या पण गळणाऱ्या पाझर तलावाच्या दुरुस्तीचे होते. दोन्ही ठिकाणी सार्वजनिक पैसा आणि गावाची शिस्त एकत्र आली. पैसा होता पण शिस्त नव्हती अशा गावांत तलाव गळत राहिले, हे खरेच. मात्र शिस्त असूनही पैसा न पोचलेल्या गावांची कहाणी कोणी लिहीत नाही, आणि नगर जिल्ह्यात अशी गावे कमी नसावीत. यशाचे श्रेय वाटताना राज्याच्या तिजोरीला वगळायचे आणि अपयशाची जबाबदारी वाटताना फक्त तिचेच नाव घ्यायचे, हा न्याय नव्हे.

खड्ड्यांविषयीचा आक्षेप तपासायचा तर चर म्हणजे काय हे जवळून पाहावे लागते. उताराला आडवा, सर्वत्र एकाच पातळीवर ठेवलेला, साधारण दोन फूट रुंद आणि फूट-दीड फूट खोल असा खणलेला चर डोंगराच्या अंगाने शेकडो फूट जातो. खणलेली माती खालच्या काठाला बांधासारखी रचतात आणि तिच्यावर गवत व झाडे लावतात. पाऊस कोसळला, की उतारावरून धावणारे पाणी प्रत्येक चराशी अडते, मुरते आणि काही महिन्यांनी खालच्या विहिरींना पाझरते. पातळी चुकली, तर सगळे पाणी एका टोकाला जमून चर फुटतो, म्हणून आखणी करणाऱ्या तांत्रिक सहायकाचे आणि खणणाऱ्या मजुराचे काम एकमेकांवर अवलंबून असते. लांबून पाहणाऱ्याला हे खड्डेच दिसतात. त्यांतून वर आलेल्या पाण्याची किंमत मात्र पुढे कोरड पडते आणि टँकर व चारा छावण्यांवर खर्च करावा लागतो तेव्हा कळते, आणि तो खर्च ‘टंचाई’ या शीर्षाखाली होत असल्याने त्याला कोणी खैरात म्हणत नाही.

रोजगार हमीत भ्रष्टाचार झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. ‘रोजगार हमी, अर्धे तुम्ही अर्धे आम्ही’ ही लोकांच्या तोंडची ओळ अनुभवातून आली होती. हजेरीपटावर मेलेल्यांची आणि परगावी गेलेल्यांची नावे चढत होती, मोजमाप पुस्तिकेत न केलेले घनमीटर नोंदले जात होते. पण यावरून योजनाच बंद करावी, हा निष्कर्ष निघत नाही. हजेरीपट लपवता येतो म्हणून चोरी होते, आणि तो उघडा करण्याचे हत्यारही याच जिल्ह्यातून राज्याला मिळाले, कारण राळेगण सिद्धीतून चाललेल्या आंदोलनाच्या रेट्यामुळे महाराष्ट्राचा माहितीच्या अधिकाराचा कायदा, केंद्राच्या २००५ च्या कायद्याआधीच, २००२ मध्ये आला. त्यानंतर मजुराचे नाव, दिवस आणि रक्कम मागून पाहता येऊ लागली, आणि २००५ च्याच राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याने सामाजिक अंकेक्षण, म्हणजे ग्रामसभेसमोर कामाचा जाहीर हिशेब, बंधनकारक केले. पाटबंधाऱ्यांच्या मोठ्या प्रकल्पांतील गैरव्यवहारांवरही राज्यात वर्षानुवर्षे चर्चा झाली, पण म्हणून धरणेच बांधू नयेत असे कोणी म्हणाले नाही. मजुराच्या योजनेलाच ही कसोटी लावली जाते.

उरला मर्यादेचा प्रश्न, आणि सर्वांत महत्त्वाचा तोच. सरकारचा साधारण खर्च पुढील क्रमाने चालतो : मार्चमध्ये अर्थसंकल्पीय अंदाज मंजूर होतो, तेवढी रक्कम विभागाला मिळते, ती संपली की काम थांबते. हमीचा क्रम उलटा आहे. आधी मागणी येते, मागणीप्रमाणे काम सुरू होते, आणि अंदाज अपुरा पडला तर पुरवणी मागण्यांद्वारे विधिमंडळाकडून रक्कम घेतली जाते. त्यामुळे चांगल्या पावसाच्या वर्षी खर्च आपोआप घटतो आणि दुष्काळात आपोआप वाढतो. अर्थशास्त्रात ज्याला स्वयंचलित स्थिरीकरण म्हणतात, म्हणजे कोणी वेगळा निर्णय न घेता मंदीच्या काळात बाजारात पैसा उतरवणारी यंत्रणा, ती याहून निराळी नसते. मजुरी हाती आलेले कुटुंब ती साठवत नाही; पहिल्याच आठवडे बाजारात ती बाजरी, तेल, मीठ आणि मुलाच्या वह्यांवर खर्च होते, आणि ज्या किराणा दुकानदाराचे, शिंप्याचे, शेळीवाल्याचे दुष्काळाने दिवाळे निघायचे, त्याच्याकडे ती जाते. हा खर्च आधीच ठरवलेल्या आकड्यात कोंबला, की नेमक्या संकटाच्या वर्षी हमी संपते, आणि मग जे उरते त्याला अनुदान म्हणता येईल, विमा म्हणता येणार नाही.

खर्चाच्या भीतीचे उत्तर अनुभवानेही दिलेले आहे. १९७९-८० च्या सुमारास वर्षाला वीस कोटींच्या आसपास मनुष्यदिवसांचे काम होत होते. १९८८ मध्ये मजुरी किमान वेतनाबरोबर जवळजवळ दुप्पट झाली, आणि मजुरी वाढली म्हणजे मागणी उसळायला हवी, हे उघड असताना प्रत्यक्षात दोन वर्षांत काम निम्म्याच्याही खाली आले. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचे कारण रोखठोक दिले : सरकारने कामे सुरू करणेच आखडते घेतले, म्हणजे हमी कागदावर ठेवून प्रत्यक्षात रेशनिंग केले. नव्वदच्या दशकात तर या योजनेच्या नावाने वसूल होणारे कर आणि त्यांच्याइतकाच राज्याचा वाटा यांची बेरीज प्रत्यक्ष खर्चापेक्षा पुष्कळ जास्त राहू लागली. म्हणून हमीने तिजोरी बुडवली, हा आरोप टिकत नाही. महाराष्ट्राने हप्ता वसूल केला आणि भरपाईत हात आखडला, हे नोंदींवरून दिसते.

हात आखडण्यामागे केवळ काटकसर नव्हती. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून दर दिवाळीनंतर हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात, आणि जाण्याआधी मुकादमाकडून उचल घेतात. ती उचल फिटेपर्यंत मजुराला कोणत्या कारखान्यावर, किती तास, कोणत्या दराने राबायचे हे ठरवता येत नाही. गावातच काम मिळण्याची खात्री असेल, तर उचल घेण्याची घाई राहत नाही आणि मजुरीचा भाव वर जातो. मजूर मिळत नाहीत, ही मोठ्या शेतकऱ्यांची तक्रार या दृष्टीने वाचावी. ती योजना अपयशी ठरल्याची तक्रार नाही. शिवाय याच योजनेचा लाभ जमीनधारकांनीही घेतला आहे. १९९० मध्ये फळबाग लागवड रोजगार हमीशी जोडली गेली आणि नगरच्या डाळिंब व लिंबाच्या बागांना त्या अनुदानाचा हातभार लागला. उत्तर नगरच्या उसाला पाणी १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाने दिले, आणि १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला उभारलेल्या सहकारी कारखान्यामागे शेतकऱ्यांच्या भागांबरोबर सरकारी भांडवलही होते. हे सर्व योग्यच झाले. पण कालवा, भागभांडवल आणि फळबाग यांना विकास म्हणायचे आणि त्याच तिजोरीतून मजुराला मिळणाऱ्या दिवसाच्या मजुरीला खैरात म्हणायचे, हा भेद ज्याच्या हाती लेखणी असते त्याने केलेला आहे.

२००५ च्या राष्ट्रीय कायद्याने अकुशल मजुरीचा सगळा भार केंद्राने उचलला, साहित्याच्या खर्चातही तीन चतुर्थांश वाटा घेतला, आणि शंभर दिवसांपलीकडचे काम महाराष्ट्राने स्वतःच्या पैशातून चालू ठेवले. म्हणजे ज्या भरपाईसाठी १९७५ पासून व्यवसाय कर घेतला जात होता, तिचा मोठा भाग दिल्लीकडून येऊ लागला; कर मात्र चालूच राहिला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात दिवस शंभरावरून सव्वाशे झाले, पण केंद्राचा पैसा राज्यनिहाय ठरवून दिलेल्या वाटपापुरता मर्यादित झाला, चाळीस टक्के भार राज्याकडे आला, आणि वाटपाच्या वरचा सगळा खर्च राज्यानेच सोसायचा आहे. ज्या वर्षी नगरच्या दक्षिण तालुक्यांत पाऊस हुकेल, त्या वर्षी वाटप संपल्यावर आलेल्या मजुराला काम मिळेल की नाही, हे आता मुंबईत ठरणार आहे. महाराष्ट्राकडे त्यासाठी स्वतःचा कायदा आहे, स्वतःचा कर आहे आणि निधीही कायद्याने ठरलेला आहे. म्हणून विधिमंडळातील नगर जिल्ह्याच्या प्रतिनिधींनी येत्या अर्थसंकल्पात एवढेच मागावे, की गेल्या प्रत्येक वर्षी व्यवसाय कर किती जमला, राज्याने त्याच्याइतका वाटा किती घातला, त्यातला किती पैसा रोजगार हमी निधीत प्रत्यक्ष पोचला आणि किती मजुरीवर खर्च झाला, याचा जिल्हावार ताळेबंद सभागृहासमोर ठेवला जावा. आणि ज्यांच्या पगारातून दरमहा दोनशे रुपये कापले जातात, त्यांनीही तो मागावा, कारण हप्ता त्यांचा आहे.